चोर आधी माझ्याकडे बघतो

मित्रांनो, वह्या-पेनांच्या दुकानात छताच्या कोपऱ्यात टांगलेला मी एक जुना आरसा आहे. फुगीर आहे म्हणून हसू नका. माझ्या पोटात अख्खं दुकान मावतं. नवा होतो तेव्हा मालकीणबाई मला रोज पुसायच्या, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायच्या. पुढे धूळ साचली नि माझी किंमत संपली. प्रामाणिक गिऱ्हाईक मान वर करून कशाला बघेल? माझ्याकडे बघतो तो चोरच.

म्हणून एक पोर मला आवडू लागली, खोटं कशाला बोलू? चौदाची असेल, खात्यापित्या घरची. आधी माझ्यात डोकावायची, मग खोडरबर दप्तरात टाकायची. भूक पोटाची नव्हतीच. बाहेर पडताना चेहरा असा उजळायचा, जणू शर्यत जिंकली. दारातल्या दोघी मैत्रिणी पाठ थोपटायच्या. एरवी तिची पाठ कोण थोपटत होतं, देव जाणे.

एकदा त्या दोघींनी पैज लावली, काचेच्या कपाटातलं सोनेरी पेन आण. मालकीणबाई पाठमोऱ्या झाल्या नि पेन हिच्या बाहीत गेलं. ती उंबऱ्याशी पोचते तोच बाई गरजल्या, "इथलं पेन कुठंय?"

कपाटाशी नवी कामवाली ताई फडकं मारत होती. "बाई, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय पेनाला पाय फुटले? पिशवी ओत. नि उद्यापासून येऊ नकोस."

पिशवीतून जेवणाचा डबा निघाला, लेकराचा एक मोजा निघाला.

"चल ना, भित्री," बाहेरून कुजबुज आली. पोरीचा एक पाय पायरीवर होता. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मग ती मागे फिरली. बाहीतलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

"ताईंनी नाही. मी घेतलं."

मालकीणबाई खाली वाकल्या. ताईचा डबा, मोजा स्वतः पिशवीत भरला. "तू कुठं जायचं नाहीस, बाई. माझी जीभच मेली उतावळी." मग पोरीकडे वळल्या. "पहिलं खोडरबर नेलंस तेव्हाच मला दिसलं होतं. म्हटलं, जाऊ दे, वह्या तर आपल्याकडूनच घेते. तेव्हाच कान धरला असता तर आज ही वेळ आली नसती. उद्या आईला घेऊन ये. आणि मान वर कर, खाली काय पुरलंय?"

मित्रांनो, मला पुसा, नाहीतर नका पुसू. पण एखादं लेकरू असं इकडेतिकडे बघताना दिसलं, तर वेळीच हाक मारा. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला काय झालंय?