किमान की कमाल

सरकारी टंकलेखिका म्हणून एकोणीस वर्षं काढली, पण स्वतःच्या बोटांची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

क्रीडा खात्याला उशिरा का होईना, अक्कल सुचली होती. उंचीच्या खेळांत जगापुढे आपली डाळ शिजत नाही, तेव्हा वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स असे खेळ धरा, जिथे बुटकेपणा कामाला येतो. योजना निघाली. "उंची हा निव्वळ गैरसमज आहे!" साहेबांनी भाषण ठोकलं. स्वतः सहा फुटांचे, माइकपुढे कमरेत वाकून बोलले बिचारे.

जाहिरात टाइप करायला माझ्याकडे आली. कच्च्या मसुद्यात होतं 'कमाल उंची १५० सेंटीमीटर'. पण या खात्यात येण्याआधी सतरा वर्षं मी पोलीस भरतीच्या जाहिराती बडवल्या होत्या. 'उंची' दिसली की माझी बोटं आपोआप 'किमान' मारतात. तसंच झालं. साहेबांनी न वाचता सही केली आणि जाहिरात छापून आली.

निवडीच्या सकाळी मैदानावर हे ताडमाड उमेदवार! जिम्नॅस्टिक्सला आलेल्या एकीचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं. त्या गर्दीत कुणाच्या तरी कोपराखाली माझी भाची उभी होती, टिल्ली. योजना बुटक्यांची आहे, असं सांगून मीच तिला बोलावलं होतं. स्वतःच्या वजनाच्या दीडपट वजन डोक्यावर उचलते पोरगी. वय सतरा, आणि योजनेची मर्यादाही सतराच. पुढच्या वर्षी तिला कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

मी धावत साहेबांकडे गेले.

"साहेब, घोळ झालाय. कमालच्या जागी किमान पडलंय."

"सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग घोळ कसा होईल?"

"अहो, पण योजना बुटक्यांची आहे ना!"

"पुढच्या वर्षी शुद्धिपत्रक काढू," साहेब शांतपणे म्हणाले. "चूक कुणाची, ते त्यात लिहावं लागतं, बाई. आणि तुमची बढती याच महिन्यात आहे."

खोटं कशाला सांगू? बढतीचा मोह पडला. मान खाली घालून बाहेर आले. माणसं कमी म्हणून मोजमापाचं कामही माझ्याच गळ्यात होतं.

टिल्लीची पाळी आली. पट्टी सरकवली. एकशे पंचेचाळीस.

"टाचा उचल जराशा," मी कुजबुजले. "एकावन्न लिहिते."

ती हलेना.

"अगं उचल ना, बाई!"

"नाही उचलणार." तिचे डोळे भरले होते. "मावशी, लहानपणापासून सगळ्यांनी मला दांड्याला लोंबकळायला लावलं. तूसुद्धा. पहिल्यांदाच कुणीतरी मला बुटकी आहे म्हणून बोलावलं. इथेही मी उंचच व्हायचं का?"

मला लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टी तिथेच ठेवली आणि तडक जागेवर जाऊन बसले. 'किमान ऐवजी कमाल असे वाचावे. चूक टंकलेखिकेची.' खाली माझं पूर्ण नाव टाकलं आणि कागद साहेबांपुढे धरला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असावेत. आपलं नाव कुठेच नाही, अशी खात्री पटल्यावर पेन झटकन निघालं.

"कमाल करता हं बाई तुम्ही!"

"तेच करायचं होतं साहेब, पहिल्या दिवशीच."

शुद्धिपत्रक फळ्यावर लागलं. ताडमाड मंडळी शिव्या घालत गेली, त्यातल्या निम्म्या माझ्या नावाने होत्या. बढतीचं म्हणाल, तर ती माझ्या शेजारच्या टेबलावर गेली, आणि रडू आलं मला त्याचं. कोण नाही म्हणतंय!

पण त्या दुपारी मैदान मोकळं झालं, तेव्हा मी टिल्लीला पुन्हा पट्टीखाली उभं केलं आणि साहेबांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "एकशे पंचेचाळीस!"

"नीट बघ, मावशी," टिल्ली तळहाताने डोक्यावरचे केस चपटे करत म्हणाली. "एकशे चव्वेचाळीस लिही."