सावलीवरची हिरवी रेघ

मशीन खोटं बोलत नाही, असं आमचे डॉक्टर सर उठता-बसता म्हणतात. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी साखरशेतची हर्षदा. जव्हारला सोनोग्राफीच्या खोलीत काम करते. पेशंटच्या मानेवर प्रोब ठेवला की पडद्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दिसते आणि कॉम्प्युटर तिच्या भिंतीवरून आपोआप हिरवी रेघ ओढतो. रेघ आत घुसली तर वाट अरुंद झालेली. सरळ असली तर पेशंट घरी.

त्या दिवशी वांगणीची गोदीकाकी आली. नाचणी लावताना तिचा उजवा हात लुळा पडला होता, बोबडीही वळली होती. थोड्या वेळानं हात परत आला. पुढच्या वेळी आला नाही तर? एकटी बाई, मजुरीवर जगणारी. त्या हाताशिवाय तिचं कसं व्हायचं?

मानेला तिनं पदर घट्ट गुंडाळलेला. सोडायलाच तयार नाही, जेमतेम प्रोबपुरता सरकवला. रेघ आली, अगदी सरळ. सर दारातूनच म्हणाले, "नॉर्मल. पुढचा पेशंट घे."

अहो, कसलं नॉर्मल! रेघेखाली भिंतच दिसत नव्हती. मध्ये नुसती काळी सावली. अलीकडची-पलीकडची भिंत बघून कॉम्प्युटरनं मधली रेघ अंदाजानं ठोकून दिलेली.

मी दार लोटून घेतलं. "काकी, भगताकडून डागून घेतलंस ना?"

"नाय गं बाय."

मी कुर्ता वर करून पोटावरचे डाग दाखवले. लहानपणी पोट फुगलं म्हणून आईनं तापल्या लोखंडानं डागून घेतलेले. "हे बघ. मी ओरडेन का तुला?"

तिनं पदर सोडला. मानेवर जाड, वाळलेल्या कातडीचा डाग. त्यातून मशीनच्या लहरी आत जात नव्हत्या, तीच ती काळी सावली. "मागं डाक्टर लय वरडला. म्हनून झाकला."

"तू पदरानं झाकलास, आणि मशीननं रेघेनं!"

मी तिची मान वळवली, डाग चुकवून मागच्या बाजूनं प्रोब धरला. आता भिंत दिसली. कॉम्प्युटरची रेघ पुसून मी हातानं काढली. ती आत, आणखी आत गेली. रक्ताला जेमतेम वाट उरली होती.

"ऑटोमॅटिक रेघ कुणी पुसली?" सर आत येत कडाडले.

"मी."

"कुणाला विचारून? या बायका डागून घेतात आणि मग..."

"डागलं ते चुकलंच, सर. पण तुमच्या नॉर्मलनं तिचा हात गेला असता. हा घ्या प्रोब, स्वतः बघा. तोवर मी पुढचा पेशंट घेणार नाही."

त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग तिला नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्सला स्वतःच फोन केला.

गाडीत चढताना काकीचा हात पुन्हा पदराकडे गेला.

"झाकायचं नाही," मी दटावलं. "नाशिकलाही असंच दाखव. कुणी ओरडलं तर उलट ओरड."

"लय शानी झालीस!" म्हणत तिनं उजव्या हातानं माझा कान असा पिळला की डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "पिळ काकी, अजून पिळ."