पुढचा शब्द

"सर, महाकाव्यातला नायक छातीत भाला घुसल्यावरही पानभर भाषण कसं ठोकतो? श्वास कुठून आणतो?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने दाखवलं. वर्ग खिदळला. सरही हसले. "नायक आहे ना तो! बोलल्याशिवाय मरतच नाही."

"तो नाही बोलत सर, माझे बाबा बोलतात," ती ऐटीत म्हणाली.

ते खोटंही नव्हतं. पौराणिक नाटकांच्या कंपनीत बाबा तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टुलावर बसून ते अडलेल्या नटाला पुढचा शब्द असा पुरवत, की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. वनवासी राजपुत्र असो की शापित योद्धा, सगळ्यांची अब्रू बाबांच्या ओठांवर.

त्या दिवशी शाळेतून ती थेट प्रयोगाला गेली आणि बाबांच्या मागे उभी राहिली. शेवटच्या अंकात नायक कोसळला, निम्मं भाषण बोलला आणि अडला. त्याची नजर विंगेकडे वळली. बाबांचं बोट नेमकं त्या ओळीवर होतं. ओठ हलत होते. शब्द मात्र फुटेना.

"बाबा, सांगा ना!"

रस्ता चुकलेल्या माणसासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिला राहवलं नाही. तिनेच ती ओळ वाचली, वर्गात वाचते तशी खणखणीत. ओळ पार बाल्कनीपर्यंत पोचली. घायाळ वीराच्या जागी पोरीचा आवाज! प्रेक्षक पोट धरधरून हसले आणि वीर त्या हशातच मेला.

पडदा पडल्यावर मॅनेजर आले. "काका, थोडे दिवस घरी आराम करा."

बाबांनी संहिता मिटून त्यांच्या हातात दिली.

घरी आई म्हणाली, "मला ठाऊक होतं गं. महिना झाला. परवा चमचा हवा होता, तर नुसता हात हलवत बसले. मग काय, मीच सांगते हल्ली पुढचं."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून तू काय करणार होतीस?"

समोर बाबा काहीतरी सांगू पाहत होते. "मी... ते... तिथे..." आई पुढे सरसावली. तिने आईचा हात दाबून धरला. बाबा चाचपडत राहिले. शब्द आलाच नाही.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," तिने जाहीर केलं. "बाबांना डॉक्टरकडे नेणार आहे. आई, तूही चल. पण डॉक्टरांनी विचारलं की तू मधे बोलायचं नाहीस. मीही नाही बोलणार. बाबाच सांगतील. लागू दे कितीही वेळ."