वीतभर कमी

टेपवाल्यांचे चार प्रश्न ठरलेले असत. काम किती उंचीवर आहे, खाली जमीन कसली आहे, दार केवढं आहे आणि वर चढणार कोण. उंचावर काम करायची मशिनं भाड्याने देणाऱ्या त्या यार्डात बावीस वर्षं हे चार प्रश्न विचारून विचारून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. गिऱ्हाईक पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि बाकीच्या तिन्हींना कपाळावर आठ्या घालायचं. मशीन हवंय, सोयरीक नाही जुळवायची, असं एकाने तोंडावर सांगितलं होतं. त्याच गिऱ्हाइकाचं मशीन पुढे दारातून आत गेलं नाही आणि दोन दिवस बाहेर उन्हात उभं राहिलं, तेव्हा मात्र फोनवर शिव्या टेपवाल्यांनीच खाल्ल्या.

चौथा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता. मशीनच्या पुस्तकात ‘पोच दहा मीटर’ असं छापलेलं असतं. त्याचा खरा अर्थ असा की माणूस ज्यात उभा राहतो तो कठड्याचा पाळणा आठ मीटरपर्यंत जातो आणि वरचे दोन मीटर म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस. ते दोन मीटर कंपनी देत नाही, ते ज्याचे त्याने घरून आणायचे असतात. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरात सगळे ताडमाड असावेत, कारण बुटक्या माणसाचा विचार त्यात कुठल्याच पानावर नाही. म्हणून टेपवाले वर चढणाऱ्यालाच बोलावून घेत, हात वर करायला लावत आणि कमरेची टेप काढून पायापासून बोटांपर्यंत मोजत. नाव पडलं ते त्यावरूनच. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी.

सोमवारी सकाळी बायकोचा फोन आला.

“अहो, तो येतोय आज यार्डात. मशीन बघायला.”

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वायरमन.

“येऊ दे की.”

“उंचीचा विषय काढायचा नाही.”

“अगं, माझा धंदाच उंचीचा आहे!”

“मशीनच्या उंचीचं काय ते बोला. त्याच्या नाही. बारा वर्षं भोगलंय मी.”

ती म्हणाली त्यात खोटं काहीच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी मेहुण्याच्या लग्नात फोटोसाठी सगळे उभे असताना टेपवाल्यांच्या जिभेला हाड राहिलं नव्हतं. “अरे, नवरदेवाला कुणीतरी स्टूल द्या रे,” असं ते मोठ्याने बोलून गेले. मांडव हसला. नवरीकडचेही हसले. मेहुणा हसला नाही, आणि त्यानंतर तो या घराची पायरी चढला नाही. बायकोने मध्ये पडून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी नाद सोडला. मागच्या वर्षी ती हॉस्पिटलात होती तेव्हा तो आपणहून आला आणि सहा दिवस तिच्या उशाशी बसून राहिला. सातव्या दिवशी त्याने टेपवाल्यांना चहा आणून दिला. तेवढ्यावर बोलणं सुरू झालं होतं, आणि ते किती तकलादू आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेहुणा दुपारी आला. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून त्याने नुकताच स्वतःचा धंदा मांडला होता. वाचनालयाच्या मोठ्या दालनातले दिवे बदलायचं काम त्याला मिळालं होतं. दालन गुरुवारी उघडणार होतं. हे काम वेळेत झालं तर बाकीच्या चार दालनांचंही त्यालाच मिळेल, असं ग्रंथपाल बाई म्हणाल्या होत्या. तो सगळं कागदावर लिहून आला होता. बावीस वर्षांत असं गिऱ्हाईक टेपवाल्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

“बाजूचे दिवे सात मीटरवर. मधली रांग छताला, बरोबर दहा मीटर. खाली फरशी, तिच्याखाली तळघर नाही, मी विचारून घेतलंय. दार सहा फुटी, दोन झडपांचं. उंबरठा नाही.”

टेपवाले लिहीत गेले. तीन रकाने भरले. चौथ्याशी घोडं अडलं. मेहुणा काउंटरच्या पलीकडे उभा होता, काउंटर त्याच्या छातीला लागत होतं. तो वाट बघत होता.

“आणखी काही विचारायचंय, दाजी?”

“नाही. झालं.”

त्यांनी चौथा रकाना कोरा सोडला आणि दहा मीटरवालं लिहून टाकलं. बारा मीटरवालं एका गोदामात अडकलं होतं, शुक्रवारपर्यंत सुटणार नव्हतं. हे मनातल्या मनात सांगताना त्यांना बरं वाटलं. हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआपच झाला होता: वीतभर कमी पडतंय. पण बरोबर कुणी उंच माणूस नेईल तो. लांब दांड्याचं हत्यार वापरेल. इतकी वर्षं वायरमन आहे, कळत नसेल का त्याला? दमलेला माणूस स्वतःला काहीही पटवून देतो, आणि टेपवाले फार दमले होते. गुडघे दमले होते, कान दमले होते, आणि सगळ्यात जास्त, वाईटपणा घेऊन घेऊन जीव दमला होता.

मंगळवारी अकरा वाजता त्यांचं कशातच लक्ष लागेना. मशीनची तपासणी आहे असं मालकाला सांगून ते निघाले. वाचनालयाच्या लांब व्हरांड्यातून चालताना गुडघे कुरकुरले. दालनाचं दार लोटून ते आत गेले आणि जागीच थांबले.

मेहुणा एकटाच होता. बाजूचे दिवे लागले होते, सरळ एका ओळीत, नीट. मशीन दालनाच्या मधोमध पूर्ण वर गेलेलं होतं आणि मेहुणा पाळण्यात उभा नव्हता. तो कठड्याच्या मधल्या दांडीवर दोन्ही पाय ठेवून उभा होता. वरची दांडी जेमतेम त्याच्या मांडीला टेकत होती, बाकी सगळा माणूस कठड्याच्या वर. कमरेच्या सुरक्षा पट्ट्याची दोरी तिथवर पुरत नसणार, कारण तिचा आकडा सुटा लोंबत होता. दोन्ही हात डोक्यावर, तोंडात स्क्रू, मान मागे टाकलेली.

 टेपवाल्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. दचकला तर? मान वळवली तर? आठ मीटरवर दांडीवर उभ्या असलेल्या माणसाला खालून हाक मारायची नसते, हे त्यांनीच शंभर जणांना शिकवलं होतं. ते दाराशी उभे राहिले. चपलेचा आवाज नको म्हणून पायसुद्धा हलवला नाही. मेहुण्याने एक स्क्रू बसवला. तोंडातून दुसरा काढला. दुसरा बसेना. तो टाचा उचलून चवड्यांवर आला.  हॉस्पिटलातल्या त्या खाटेवरची बायको टेपवाल्यांच्या डोळ्यांपुढे आली. तिला जाऊन काय सांगणार होते ते? की तूच म्हणालीस, विषय काढू नका?

असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी मेहुणा एक पाय खाली घेऊन पाळण्यात उतरला, मग दुसरा घेतला. टेपवाल्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी हाक मारली, अगदी हलक्या आवाजात.

“खाली ये.”

मशीन घरघरत खाली आलं. मेहुण्याने त्यांचा चेहरा पाहिला आणि त्याला कळलं.

“किती वेळ उभे होतात?”

“बराच.”

“अजून पाच दिवे राहिलेत,” तो म्हणाला. “होईल संध्याकाळपर्यंत.”

“नाही होणार. हे मशीन तुला चुकीचं दिलंय मी. वीतभर कमी आहे.”

“मशीन कमी आहे, की मी?”

 मेहुणा पाळण्यातून बाहेर आला, हातमोजे काढले आणि मशीनच्या पायरीवर बसला.

“माझ्याआधी तो पत्र्याचं काम करणारा आला होता काल, साडेसहा फुटी. त्याला विचारलंत तुम्ही, हात वर कर म्हणालात, टेप लावलीत. मी मागे रांगेत होतो. मला वाटलं, आता माझा नंबर. लाज वाटत होती, पण उभा राहिलो. आणि तुम्ही म्हणालात, झालं.”

“तुझ्या बहिणीने सांगितलं होतं की...”

“ताईला काय कळतं मशीनमधलं? तुम्हाला कळतं ना? मांडवभर लोकांसमोर बोललात तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. काल विचारायची गरज होती तेव्हा तोंडातून ब्र काढला नाहीत.”

तो ओरडला नाही, हेच टेपवाल्यांना जास्त लागलं. माफी मागायला हवी होती बारा वर्षांपूर्वीची, आणि आता त्यात कालचीही भर पडली होती. ते मेहुण्याच्या शेजारी बसले. गुडघे दुखत होते.

“चुकलो मी,” ते म्हणाले. “तेव्हाही आणि कालही.”

 मेहुणा उठून गेला नाही.

ग्रंथपाल बाई आल्या तेव्हा टेपवाल्यांनी आपणहून सांगितलं, चूक यार्डाची आहे, वायरमनची नाही, मशीन निवडण्यात मी चुकलो. मोठं मशीन शुक्रवारी सुटेल, मधली रांग शनिवारी लागेल. बाई भडकल्या. गुरुवारी पाहुणे येणार, अर्ध्या अंधारात बसवू का त्यांना? मग बाजूच्या दिव्यांकडे बघून जरा निवल्या आणि म्हणाल्या, उघडू असंच. बाकीच्या चार दालनांचं मेहुण्याने विचारलं तेव्हा त्या “बघू” म्हणाल्या. ‘बघू’चा अर्थ तिघांनाही कळत होता.

मग मालकाला फोन झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा टेपवाल्यांना ‘चुकीचं मशीन दिलं’ असं स्वतःच्या नावापुढे लिहून घ्यावं लागलं. मालक बरंच काही बोलला. टेपवाल्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि सगळं ऐकून घेतलं.

दालनात दोघेच उरले. टेपवाल्यांनी नवा फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि तीन रकाने न विचारता भरले.

“चढणार कोण?”

“मीच.”

“उभा राहा. हात वर.”

मेहुण्याने बूट काढले, भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात वर केले. टेपवाले वाकले, वाकताना कण्हले, टेपचं टोक त्याच्या पायाशी धरलं. मेहुणा समोर बघत होता, मान ताठ, हनुवटी उचललेली, बोटं होतील तेवढी ताणलेली. टाचा जमिनीपासून चांगल्या दोन बोटं वर होत्या.

टेपवाले काही वेळ त्या टाचांकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या पावलावर हात ठेवला.

“टाचा टेक,” ते म्हणाले. “बघणारं कुणी नाही.”

मेहुण्याने टाचा टेकल्या.