दुपारची मूठ

लहानूजी वाडीहून सायकलने येई आणि आठ वाजता प्रयोगशाळेच्या उंदीरखान्याचं कुलूप उघडी. आत चोवीस पिंजरे होते. डावीकडचे बारा उंदीर दिवसरात्र खात. उजवीकडच्या बारांना संध्याकाळी पाचला खाणं ठेवायचं आणि सकाळी आठला उचलायचं. दिवसा फक्त पाणी. खाणं दोन्हीकडे एकच, शेंगदाण्याचा कूट आणि भरपूर डालडा. इतकं तुपकट खाऊनही वेळ पाळली तर अंगावर चरबी कमी चढते का, हे प्रेमिलाबाईंना पाहायचं होतं. त्यांचा प्रबंध त्यावर होता आणि शिष्यवृत्ती होती जून १९७४पर्यंत.

आठ आठवड्यांनी, एप्रिलात, उंदीर मारून त्यांची यकृतं तपासली. दोन्हीकडची चरबीने सारखीच पांढरट निघाली. वजनंही सारखीच.

"काटा धड वाचता येत नाही तुम्हाला?" विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले.

"माझंच काही चुकलं असेल, सर," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

लहानूजी दारात ट्रे धरून उभा होता. शिपाई बळीराम त्याच्या कानाशी कुजबुजला, "लहानूजी, तुमचे उंदीर बी फुगले अन् तुमी बी. डब्यात काय आणता गा?"

लहानूजी ट्रे घेऊन तसाच आत निघून गेला.

दुपारी बाई एकट्याच टेबलाशी काट्याची वजनं पुन्हा पुन्हा तपासत होत्या. लहानूजी समोर जाऊन उभा राहिला.

"बाई, काटा बरोबर हाय. मीच दुपारी त्यायले खाऊ घातलं."

बाईंनी हातातलं वजन खाली ठेवलं. "कोणाला?"

"उजवीकडच्या बाराहीले. मी दीडले उंदीरखान्यात डबा उघडो, तं ते जाळीले येऊन चिकटत. समोर कोणी उपाशी असलं तं माह्या गळ्याखाली घास उतरत नाही, बाई. तुमच्याच पोत्यातलं देल्लं. एकेकाले चिमूटभर."

"रोज?"

"रोज."

"पोतं लवकर संपलं तेव्हा मला वाटलं, माझाच हिशेब चुकला." बाईंनी पोतं पुढे ओढलं. "चिमूट म्हणजे किती? घेऊन दाखवा."

लहानूजीने पोत्यात हात घातला. दोन बोटं पुढे केली, पण सवयीने हात मुठीतच वळला. ती मूठ त्याने काट्याच्या ताटलीत रिकामी केली. बाईंनी वाचलं, "नऊ ग्रॅम. उंदीर दिवसाला पंधरा खातो, लहानूजी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आकडा लिहिला आणि विभागप्रमुख साहेबांच्या खोलीकडे गेल्या. लहानूजी मागोमाग निघाला.

"सर, देखरेखीत माझी चूक झाली," बाई सांगत होत्या.

"नाही साहेब," तो दारातूनच म्हणाला. "मी खाऊ घातलं. बाईले मालूम नव्हतं."

साहेबांनी त्याला नखशिखान्त पाहिलं. "म्हणजे चोवीस जीव फुकट गेले. दया केलीत तुम्ही?"

नवे चोवीस उंदीर मागवायचं ठरलं, कसाबसा जून गाठता येणार होता. म्हणजे आणखी चोवीस मरणार होते.

नवे उंदीर आले त्या सोमवारी दुपारी डबा घेऊन तो बाहेर निघाला, तेव्हा बाईंनी विचारलं, "कुठे निघालात?"

"कडुनिंबाखाली बसतो. कुलुपाची किल्ली तुमीच ठेवा."

"राहू द्या तुमच्याकडेच," बाई मान वर न करता म्हणाल्या.

भाकरीचा पहिला घास त्याने मोडला आणि तसाच डब्यात परत ठेवला. उजवीकडचे आता जाळीला चिकटले असतील, असं सारखं मनात येत होतं. शेवटी त्याने डबा झाडाखालीच ठेवला आणि चपला काढून, पाय न वाजवता, उंदीरखान्याच्या खिडकीशी जाऊन आत पाहिलं.

उजवीकडचे बाराही उंदीर भुश्यात अंग मुडपून गाढ झोपले होते. दुपार ही त्यांची झोपेची वेळ होती. आधीच्या बारांना आठ आठवडे रोज जागं केलं होतं ते त्याच्या डब्याच्या झाकणाने.

तो खिडकीपासून मागे सरला. झाडाखाली येऊन त्याने डब्याचं झाकण आवाज न करता लावलं आणि भाकरी तशीच घरी नेली.