टोपीखालचे शिपाई

मित्रांनो, पत्र्याच्या गोल डब्यांत गुंडाळून ठेवलेल्या फितीला कसली आली आहे जीवनकहाणी, असे तुम्हांला वाटेल. पण मी एक जुना चित्रपट आहे आणि चित्रपटाला गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे नाव 'रविवारी कवायत नाही'. मी रंगीत आहे, गाण्यांनी भरलेला आहे आणि माझ्यात कोणीही मरत नाही. माझी गोष्ट शिपायांची असली, तरी माझ्यात बंदुकीचा एकही बार उडत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान आहे.

माझा जन्म पश्चिम जर्मनीतल्या हाल्सनाख गावात १९६१ सालच्या उन्हाळ्यात झाला. गावाबाहेरच्या टेकडीवर अमेरिकन फौजेची छावणी होती. युद्ध संपून बरीच वर्षे लोटली होती, तरी हे परदेशी शिपाई तिथेच मुक्कामाला होते. गावाला त्यांची सवय झाली होती. ते बेकरीपुढे रांगेत उभे राहून मोडक्यातोडक्या भाषेत पाव मागत, आणि शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये येऊन गावातल्या मुलींच्या पायांवर पाय देत. हे सगळे पाहून एगॉन पासेवाल्क नावाच्या दिग्दर्शकांना माझी कल्पना सुचली. पासेवाल्क साहेब बुटके आणि चिडके होते, पण प्रेमाचे गाणे चित्रित करताना त्यांचे डोळे हमखास पाणावत.

माझी गोष्ट साधी होती. एका कडक हवालदाराला वरून हुकूम येतो, की गावकऱ्यांशी सलोखा वाढवण्यासाठी रविवारी नाचाचा कार्यक्रम करा. हवालदाराला संगीत म्हटले की डोके उठते. त्यातच तो बँडवाल्याच्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि तिला तर गणवेशाचा तिटकारा! शेवटी तो आपल्या तुकडीला वॉल्ट्झ नाच शिकवतो, तोही कवायतीसारखा, शिट्टी फुंकून. शिपायांचे पाय दोन ठोक्यांत चालणारे आणि वॉल्ट्झला लागतात तीन ठोके. त्यामुळे जी गंमत उडते तीच माझा जीव. शेवटी गावच्या चौकात सगळे शिपाई आणि सगळ्या मुली मिळून नाचतात आणि मी संपतो.

हवालदाराचे काम म्युनिकच्या एका देखण्या नटाने केले, पण तुकडीतले शिपाई मात्र खरे होते. छावणीच्या साहेबांनी शिपायांना सुट्टीच्या वेळात काम करायला परवानगी दिली. सरकारी गणवेश सिनेमात घालायला मात्र सक्त मनाई केली. त्यामुळे खोटे गणवेश शिवायचे काम गावातल्या ट्राउडे हेंकेस या शिवणकाम करणाऱ्या मुलीकडे आले. ट्राउडे तेवीस वर्षांची होती, तोंडाने फटकळ आणि हाताने सफाईदार. तिने प्रत्येक शिपायाचे माप घेतले आणि कॉलरच्या आत खडूने त्याचे नाव लिहिले. एका शिपायाचे माप तिने जरा जास्तच वेळा घेतले, असे गावात सगळे म्हणत. तो होता डेलबर्ट. नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांतून आलेला, उंच, कान बाहेर आलेला. त्याला जर्मन बोलताना घाम फुटे. तरी जुलै संपायच्या आत त्याने तिला लग्नाचे विचारले आणि तिने होकारही दिला.

ऑगस्ट उजाडला. माझा फक्त शेवटचा नाच राहिला होता. आणि एका रविवारी सकाळी रेडिओने सांगितले, की बर्लिन शहराच्या मधोमध काटेरी तारा घालून रस्ते बंद केले आहेत. पुढे तिथेच ती भिंत उभी राहिली. आठवडाभरात टेकडीवरची छावणी हलली. ट्रकांची रांग गावातून बर्लिनच्या दिशेने गेली. डेलबर्ट मागच्या ट्रकमध्ये होता. त्याने ट्राउडेला हात केला, काहीतरी ओरडून सांगितले, पण इंजिनांच्या आवाजात ते तिला ऐकू आले नाही.

मित्रांनो, त्या आठवड्यात मी जन्मायच्या आधीच संपणार होतो. कॅमेरा आणि दिवे शनिवारी म्युनिकला परत जायचे होते. शिपाई नाहीत, तर नाच कोण करणार? पासेवाल्क साहेब चौकातल्या कारंज्याच्या काठावर डोके धरून बसले. ट्राउडेच्या दुकानात ते गणवेश खुंट्यांवर टांगलेले होते. ते पाहतापाहता तिला एक युक्ती सुचली. साहेबांकडे जाऊन ती म्हणाली, की कॅमेरा घंटाघरावर चढवा. एवढ्या उंचावरून माणसे दिसत नाहीत, नुसत्या टोप्या दिसतात. टोपीखाली गावातले कोणीही उभे करता येईल.

गावात यावरून मोठा वाद झाला. सगळ्यांत जास्त विरोध लुडविग हाम्पेल या खाटकाने केला. हाम्पेलकाका गावच्या व्यायामशाळेचे प्रमुख. त्यांच्या शब्दाला मान होता, आणि दोन भाऊ मागच्या युद्धात गमावल्यामुळे त्यांच्या रागालाही. ते सगळ्यांसमोर ट्राउडेच्या दुकानात आले.

"पोरी, तुझा होणारा नवरा तिकडे रणगाड्यांच्या तोंडाशी गेलाय," ते म्हणाले. "आणि त्याचाच गणवेश घालून तू चौकात नाचणार? लोक काय म्हणतील?"

ट्राउडेने सुई खाली ठेवली नाही. "काका, मी घरात बसून रडले तर ते रणगाडे मागे फिरतील का?"

"नाही फिरणार."

"मग मला नाचू द्या. रडायला माझी संध्याकाळ आहेच."

 हाम्पेलकाकांनी खुंट्यांकडे पाहून विचारले, की यातला सगळ्यात मोठ्या मापाचा कोणता?

तो नाच शुक्रवारी दुपारी झाला. व्यायामशाळेतले काही पुरुष आले, पण ते पुरे पडेनात. म्हणून निम्म्या गणवेशांत बायका उभ्या राहिल्या. पोस्टातल्या बाई होत्या, शाळेतल्या दोन शिक्षिका होत्या, बेकरीवाली होती. वेण्या गुंडाळून टोपीत कोंबल्या होत्या. ट्राउडेने डेलबर्टचा गणवेश घातला आणि बाह्या आत दुमडून टाके मारले. हाम्पेलकाकांचे पोट गणवेशात मावेना. त्यांनी श्वास रोखून बटणे लावली आणि पहिल्याच गिरकीला मधले बटण उडून कारंज्यात पडले. पोस्टातल्या बाई शेजारच्या जोडीत होत्या. त्या नाचता नाचता म्हणाल्या, "लुडविग, गिऱ्हाइकांसाठी थोडे सॉसेज शिल्लक ठेवत जा हो." सगळा चौक हसला. सगळ्यांच्या मनात धास्ती होती, तरी ते हसू खरे होते. माझ्या फितीवर ते कायमचे उमटले.

मग मी म्युनिकला गेलो. एका खोलीत एक प्रौढ बाई मला कापून जोडत असत. कामाला बसल्या की त्या रेडिओ लावीत. ऑक्टोबरच्या शेवटी बर्लिनमध्ये दोन्ही बाजूंचे रणगाडे एकमेकांवर नळ्या रोखून उभे राहिले, तेव्हा त्यांची कात्री थांबली. चौकातला नाच त्यांच्या समोर अर्धवट लोंबकळत होता. दुसऱ्या दिवशी बातमी आली, की रणगाडे मागे फिरले. बाईंनी एक लांब श्वास सोडला, चष्मा पुसला आणि नाचाचा पुढचा तुकडा जोडला. तो सांधा माझ्या अंगावरचा सर्वांत नेटका सांधा आहे.

डिसेंबरमधल्या एका रविवारी दुपारी हाल्सनाखच्या अपोलो चित्रगृहात माझा पहिला खेळ ठरला. त्याच दिवशी शिपाई परतणार होते. पण रस्त्यावर बर्फ पडले होते आणि ट्रकांचा पत्ता नव्हता. तीन वाजले तशी लोकांची चुळबुळ सुरू झाली आणि मालकाला दिवे मालवावे लागले. ट्राउडे पहिल्या ओळीत काठावरच्या खुर्चीवर बसली होती. मी पडद्यावरून तिला पाहत होतो. माझ्या विनोदांवर सगळे हसत होते. ती मात्र मान वळवून दाराकडे पाहत होती.

माझे शेवटचे गाणे सुरू झाले आणि दार उघडले. बर्फाने पांढरे झालेले शिपाई रांगेने आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्यावर चौक होता, चौकात टोप्या फिरत होत्या. शिपायांना काही कळेना. आपण बर्लिनला होतो, मग इथे नाचतोय कोण? तेवढ्यात एक टोपी जरा तिरकी झाली, खाली हाम्पेलकाकांच्या मिशा दिसल्या आणि भिंतीकडून हास्याचा असा लोट आला की माझे संगीत ऐकू येईना.

डेलबर्ट अंधारात चाचपडत ट्राउडेच्या खुर्चीपाशी आला आणि खाली गुडघ्यांवर बसला. पडद्याकडे बोट दाखवून त्याने आपल्या मोडक्या भाषेत विचारले, "माझ्या टोपीत कोण आहे?"

"मी," ट्राउडे म्हणाली.

तो थोडा वेळ पाहत राहिला. "तू माझ्यापेक्षा बरी नाचतेस," तो म्हणाला.

मग ती रडली. चार महिने तिने संध्याकाळी रडायचे म्हटले होते, पण तिला ते कधी जमलेच नव्हते.

त्यानंतरची काही वर्षे माझी चैनीची गेली. गावोगावी माझे खेळ झाले. लोक गाणी गुणगुणत बाहेर पडत. वर्तमानपत्रांनी मला उथळ म्हटले, पण तिकिटासाठी लागलेल्या रांगेला वर्तमानपत्र वाचायला वेळ नव्हता. नाचणाऱ्या शिपायांची शिस्त पाहून एका टीकाकाराने लिहिले, की अस्सल फौजी माणसांची चाल काही वेगळीच असते. ते वाचून शाळेतल्या दोघी शिक्षिका आठवडाभर ताठ मानेने चालल्या.

पण मित्रांनो, कौतुकाला वय असते. घरोघरी टीव्ही आले. मला बनवणारी कंपनी बुडाली आणि माझी मूळ फीत कुठे गेली ते कोणालाच कळले नाही. माझ्या प्रतीही झिजून भंगारात गेल्या. उरलो फक्त मी, अपोलोची प्रत. पुढे अपोलोही बंद पडले आणि तिथे गालिच्यांचे दुकान झाले. मला तळघरात गरम पाण्याच्या टाकीशेजारी ठेवले आणि विसरले. उष्णतेने माझ्या अंगाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला. निळे आकाश गुलाबी पडले. फीत आकसून वाकू लागली. चित्रपटाला हा रोग लागला की तो हळूहळू आतून विरघळतो. अंधारात पडल्या पडल्या मी माझीच गाणी आठवत असे, आणि एके दिवशी मला दुसऱ्या गाण्याचे कडवे आठवेना. तेव्हा मी खरोखर घाबरलो.

मला वाचवले ते इल्का नावाच्या तरुणीने. ती चित्रपट संग्रहालयात काम करी. दुकानदार तळघर रिकामे करतोय असे कळताच ती धावत आली. डबा उघडल्यावर वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण तिने झाकण पुन्हा लावले नाही. कित्येक महिने ती माझ्यासाठी झटली. फाटलेल्या कडा जोडल्या, बुरशी पुसली, एकेक चित्र यंत्रातून काढून त्याचा रंग परत आणला. माझे आकाश निळे झाले.

आणि तिथेच नवे संकट उभे राहिले. चित्र इतके स्वच्छ झाले, की टोप्यांखालून निसटलेल्या वेण्या दिसू लागल्या. मिशा दिसल्या, उडालेले बटणही दिसले. संग्रहालयाच्या प्रमुखांना या चुका वाटल्या. संगणकावर त्या सहज पुसता येतील, असे ते म्हणाले. इल्काचा जीव कासावीस झाला. वेण्या पुसल्या असत्या तर मी देखणा झालो असतो, पण मी मी उरलो नसतो. तिने दोन दिवसांची मुदत मागितली आणि त्या नाचाची खरी हकीकत विचारायला हाल्सनाख गाठले.

ट्राउडे आणि डेलबर्ट तिथेच होते. फौज सोडल्यावर डेलबर्ट परत आला होता, आणि दोघांनी मिळून शिवणकामाचे दुकान चालवले होते. दोघांनी मला इल्काच्या छोट्या पडद्यावर पाहिले. ट्राउडेला आपलीच निसटलेली वेणी दिसली आणि तिने केसांना हात लावला.

डेलबर्ट आता अस्खलित जर्मन बोले. तो इल्काला म्हणाला, "बाळ, तुझ्या साहेबांना सांग. आम्ही तिथे नव्हतो. या बायका होत्या. त्यांना पुसून तिथे खोटे शिपाई बसवू नका."

इल्काने त्याचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. प्रमुखांनी मला पुन्हा एकदा पाहिले, यावेळी शेवटपर्यंत, आणि हाम्पेलकाकांचे बटण उडताना ते मोठ्याने हसले. पुसायचा विषय तिथेच संपला.

आता मी थंड, कोरड्या खोलीत राहतो. माझ्या डब्यांवर धूळ बसत नाही आणि वर्षातून दोनतीनदा मला बाहेर काढून दाखवतात. मित्रांनो, तुमच्याही घरात कोणाच्या तरी लग्नाची जुनी फीत असेल, मुंजीची कॅसेट असेल, पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. त्यांना पोटमाळ्यावरच्या उकाड्यात टाकू नका. ओल लागू देऊ नका. नीट पुसा, पण त्यांच्यातले डाग माणसांचे असतील तर राहू द्या. आणि मुख्य म्हणजे अधूनमधून त्यांना पाहा. आम्हांला सगळ्यांत जास्त बरे वाटते ते समोर कोणीतरी बसलेले असले की.