हो, डॉक्टर

नर्सिंगच्या शाळेत मुलींच्या सरावासाठी नवा बाहुला आला तेव्हा सगळ्यांत जुन्या शिक्षिका असलेल्या मोठ्या बाईंनी त्याच्याकडे बघून सरळ नाक मुरडलं. बाहुला श्वास घ्यायचा, खोकायचा, त्याला घाम फुटायचा. काचेपलीकडच्या खोलीतून कुणी माइकमध्ये बोललं, की ओठ न हलवता "दुखतंय हो" असं कण्हायचाही. मुलींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'काका' ठेवून टाकलं. त्याला जागा हवी म्हणून जुनी ठकी माळ्यावर गेली. ठकी म्हणजे पोटात काथ्या भरलेली, एक पाय केव्हाच गमावून बसलेली रबरी बाहुली. कितीतरी तुकड्या तिला अंघोळ घालून नर्स झाल्या होत्या, खुद्द बाईसुद्धा. तिला असं अडगळीत टाकलेलं बाईंना फार लागलं.

बाई शिकल्या त्या काळात शिक्षण कमी आणि शिस्त जास्त होती. डोक्यावर खळ घातलेली टोपी, डॉक्टर आले की ताडकन उभं राहायचं, हात मागे, आणि तोंडात दोनच शब्द: हो, डॉक्टर. इंजेक्शन आधी संत्र्याला द्यायचं, मग एकमेकींच्या दंडाला. खरं शिक्षण मात्र वॉर्डच्या व्हरांड्यात व्हायचं. थकलेले डॉक्टर कधीकधी औषधाच्या आकड्यावर एक शून्य जास्त लिहून मोकळे होत. अशा वेळी काय करायचं, ते मोठ्या सिस्टर धाकटीच्या कानात सांगत. तोंडाने 'हो, डॉक्टर' म्हणायचं, हाताने बरोबर तेवढंच औषध द्यायचं, आणि राउंड संपल्यावर कागद घेऊन जायचं, "डॉक्टर, एवढा आकडा जरा लागत नाहीये." डॉक्टर बघत, घसा खाकरत आणि शून्य खोडत. रुग्णाचा जीवही वाचला आणि डॉक्टरांची अब्रूही. ही युक्ती बाईंनी पुढे आपल्या प्रत्येक तुकडीला मोठ्या अभिमानाने शिकवली होती.

आता नवा अभ्यासक्रम आला आणि सोबत नवा नियम. तो शिकवायचा असेल, तर शिक्षिकांनी आधी काकांवर परीक्षा द्यायची. दोनदा नापास होईल तिने वर्ग सोडून भांडारात बसायचं, चादरी आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळायच्या. बाईंची निवृत्ती फार लांब नव्हती, पण उरलेले दिवस किल्ल्या वाजवत काढायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. वर्गाशिवाय त्यांना करमत नसे. सुट्टीच्या दिवशी त्या भाजीवाल्यालाही हात कसे धुवायचे ते समजावून सांगत.

त्यातून परीक्षक कोण, तर टिवटिव. ही बाईंचीच विद्यार्थिनी. तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं तिच्या, त्यावरूनच हे टोपणनाव पडलेलं. एकदा राउंडच्या ऐन मध्यावर तिने डॉक्टरांना सगळ्यांदेखत "हे चुकतंय" असं सांगितलं होतं. बाईंनी तिला वर्गात शेवटच्या रांगेत बसवलं आणि व्हरांड्यात नेऊन ती युक्ती पढवली. आता तीच टिवटिव शिकून-सवरून काकांच्या खोलीची प्रमुख झाली होती.

परीक्षा सुरू झाली. काका म्हणजे पोटाचं ऑपरेशन झालेले गृहस्थ. बाईंनी हात धुतले, नाडी बघितली, उशी नीट केली, धीर दिला, सगळं लोण्यासारखं. मग छतातल्या स्पीकरमधून डॉक्टरांचा आवाज आला. दुखणं थांबवायच्या इंजेक्शनचा डोस त्यांनी सांगितला, तो दहापट होता; उशाच्या कागदावरही तोच लिहिलेला होता. बाईंच्या ते क्षणात लक्षात आलं. हात मागे गेले, तोंडातून "हो, डॉक्टर" निघालं आणि सिरिंजमध्ये त्यांनी अगदी बरोबर डोस भरला. काका सुखाने श्वास घेत राहिले. पडद्यावर मात्र लाल अक्षरात 'नापास' उमटलं.

बाईंचा पारा चढला. माणूस जिवंत आहे ना, मग मी नापास कशी, असं त्यांनी टिवटिवला विचारलं.

"जिवंत आहे, बाई," टिवटिव म्हणाली. "पण कागदावर दहापटच राहिलं. तुम्ही डॉक्टरांना गाठेपर्यंत पाळी बदलली, तर पुढची मुलगी तेच वाचून देईल. आणि काचेमागे मुली बसल्यात. त्यांना तुमचा हात दिसला नाही. त्यांनी फक्त 'हो' ऐकलं."

बाई सिरिंज ट्रेमध्ये आपटून बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला कामाला लावलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, रिकामेच होते. घरात पांढरा कोट म्हणावा असा एकच, त्यांचा रेनकोट. तो घालून ते दारात उभे राहिले आणि भारदस्त आवाजात चुकीचा डोस सांगितला. बाई खुर्चीतून ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "हो, डॉक्टर." परत केलं, परत तेच. कोट दिसला की जीभ आपली आपणच वळत होती.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ते म्हणाले, "तुझ्या तोंडून 'हो' ऐकायला रेनकोट घालावा लागला."

बाईंना हसू आलं, आणि त्या हसतानाच रडू लागल्या. नवऱ्याने रेनकोट काढून ठेवला आणि ते शेजारी बसले.

"एरवी मला नाही म्हणतेस, तेव्हा मनात काय असतं?"

"काही नसतं. तुम्ही चुकलेले असता, एवढंच."

"मग डॉक्टरही चुकलेलेच आहेत की."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी नवऱ्याला पुन्हा रेनकोट घालायला लावला.

दुसऱ्या परीक्षेत काकांना घाम जरा जास्तच फुटला होता, बाईंनाही. स्पीकरमधून डोस आला. बाईंनी सिरिंज खाली ठेवली.

"नाही, डॉक्टर. हा डोस दहापट आहे. मी देणार नाही."

"सिस्टर, इथे डॉक्टर कोण आहे?" आवाज करडा झाला.

बाईंचे हात सवयीने मागे गेले. त्यांनी ते पुढे आणले आणि एक काकांच्या खांद्यावर ठेवला.

"तुम्ही आहात. म्हणून तर तुम्हाला सांगतेय. आधी कागद दुरुस्त करा."

स्पीकर खट्कन बंद झाला. मग काकांनी मोठ्याने नाक शिंकरलं. काचेपलीकडे डोळे-नाक पुसणारी टिवटिव काकांचा माइक बंद करायला विसरली होती. काचेमागच्या मुली खदखदून हसल्या आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

नव्या अभ्यासक्रमाचा पहिला तास बाईंनीच घेतला. मन इतकं भरून आलं होतं, की कुठून सुरुवात करावी कळेना. त्यांनी टोपी सांगितली, संत्री सांगितली, ठकीचा पाय कसा गेला तेही सांगितलं. चूक दिसली की समोर कोण आहे ते न बघता बोलायचं, असं ठासून बजावलं. मग बाह्या सरसावून काकांच्या पोटावरची पट्टी सोडवायला त्या पुढे झाल्या.

"थांबा, बाई." शेवटच्या रांगेतून एक आवाज आला, तोही कापरा. "तुम्ही हात धुतले नाहीत."

सगळ्या माना मागे वळल्या. हात धुणं म्हणजे बाईंचा धर्म. त्यावरून त्यांनी निम्म्या गावाची हजेरी घेतली होती. बाईंची कानशिलं तापली. "मला शिकवतेस?" हे शब्द पार ओठांपर्यंत आले. काचेमागे टिवटिव श्वास रोखून उभी होती.

बाईंनी ते शब्द गिळले. बेसिनपाशी जाऊन त्यांनी साबण लावून, बोटांच्या बेचक्यांसकट, सावकाश हात धुतले. मुलगी अजून उभीच होती, रडायच्या बेताला आलेली.

"बरोबर आहे तुझं," बाई हात पुसत म्हणाल्या. "वह्या-पुस्तकं उचल आणि पुढे ये. आजपासून पहिल्या रांगेत बसायचं."